रोहित्राचा सांधा

गारगोटीहून कडगावच्या रस्त्याला लागलात आणि वेदगंगेच्या काठाकाठाने थोडे पुढे गेलात, की उसाच्या फडांत मधूनमधून दोन खांबांवर चढवून ठेवलेली एक लोखंडी टाकी दिसते. तिच्यावर वरून तीन तारा येतात. खालच्या अंगाने काळ्या, जाड केबली निघतात आणि शेजारच्या पत्र्याच्या पेटीत शिरतात. शाळेच्या पुस्तकात हिला रोहित्र म्हणतात. शेतकरी हिला ‘डीपी’ म्हणतो. आणि ‘डीपी गेली’ हे शब्द एप्रिल महिन्यात गावात फिरले, की कट्ट्यावरची बोलणी थांबतात. पाण्याची पाळी आलेली, ऊस मान टाकू लागलेला, आणि डीपी गेली!

आता ही डीपी जाते म्हणजे काय होते? कधी आतले तेल कमी झालेले असते, कधी वीज पडते, कधी भार फार होतो. पण पुष्कळदा बिघाडाची सुरुवात टाकीच्या आत होतच नाही. ती होते बाहेर, केबलीचे टोक टाकीच्या पितळी खिळ्याला जेथे बांधलेले असते तेथे. अंगठ्याएवढा तो सांधा. आज मला त्या सांध्याचीच हकीकत सांगायची आहे. हकीकत म्हटले खरे, पण ती बरीच लांबून येते. पॅरिसहून, अमेरिकेहून, बेळगावहून आणि आपल्या राधानगरीच्या सड्यावरून.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. या केबलीला जुने वायरमन ‘मीडियम व्होल्टेज’ची, म्हणजे मध्यम दाबाची केबल म्हणत. हल्लीची इंजिनिअर मंडळी हेच नाव अकरा हजार व्होल्टच्या केबलीला देतात, आणि मग दोघांचे बोलणे जुळत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत अडीचशे व्होल्टपर्यंतचा दाब हलका, त्यापुढे साडेसहाशेपर्यंतचा मध्यम आणि त्याच्या वर तेहतीस हजारांपर्यंतचा उच्च, अशी वाटणी होती. गावातली तीन फेजची मोटार चालते ती चारशेच्या आसपासच्या व्होल्टवर. म्हणून रोहित्रापासून पेटीपर्यंतची केबल मध्यम दाबाची ठरली. सांध्याचे दुखणे दोन्ही केबलींना एकच आहे. पण खालच्या बाजूला ते जास्त जाणवते, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. शंभर केव्हीएच्या रोहित्रात अकरा हजार व्होल्टच्या बाजूने प्रवाह जातो तो पुरा भार असताना जेमतेम सव्वापाच अँपिअर. तोच खालच्या बाजूने बाहेर पडतो तेव्हा एकशे तेहतीस अँपिअर झालेला असतो! सांध्याला दाबाने जाळले असे सहसा होत नाही. त्याला जाळतो तो प्रवाह.

बरे, आता मागे जाऊ. १८८६ हे साल शिक्षक बंधुभगिनींनी फळ्यावर लिहून ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ओबर्लिन गावी चार्ल्स मार्टिन हॉल या बावीस वर्षांच्या तरुणाने वितळलेल्या क्षारातून वीज सोडून ॲल्युमिनियम वेगळे केले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये पॉल एरू यानेही, हॉलची काही खबर नसताना, तीच रीत शोधली. आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात विल्यम स्टॅन्ले याने अमेरिकेतल्या ग्रेट बॅरिंग्टन गावात रोहित्रे लावून दुकानांत दिवे पेटवून दाखवले. त्याच्या आदल्या वर्षी बुडापेस्टच्या तिघा इंजिनिअरांनी चांगले रोहित्र करून दाखवले होतेच. मौज अशी की, स्वस्त ॲल्युमिनियम आणि कामाचे रोहित्र ही दोघे जवळजवळ जुळी भावंडे. पण त्यांची गाठ पडायला आणि त्या गाठीचा त्रास कळायला पुढे कितीतरी वर्षे जायची होती. तोवर रोहित्राचा सोयरा होता तांबे.

हॉलच्या आधी ॲल्युमिनियम म्हणजे राजेरजवाड्यांची चीज. १८८४ साली वॉशिंग्टनच्या मोठ्या स्मारकस्तंभाच्या टोकावर या धातूची एक छोटीशी टोपी बसवली, सुमारे तीन किलोची, तेव्हा त्या धातूला चांदीच्या बरोबरीचा भाव होता. पुढे पंधरा-वीस वर्षांत भाव असा कोसळला की तो स्वयंपाकघरात उतरला. आपल्याकडे १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी या धातूची भांडी करायला सुरुवात केली. आपल्या आज्या या भांड्यांना ‘जर्मल’ म्हणत. आणि एक गोष्ट त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होती: जर्मलच्या पातेल्यात ताक ठेवायचे नाही, चिंचेचा कोळ ठेवायचा नाही. ही गोष्ट लक्षात असू द्या. पुढे तिच्याशी काम पडणार आहे.

आपल्या भागात वीज आली ती तांब्याच्या बरोबर. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायचे ठरवले ते १९०७ साली. धरण पुरे व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले, आणि मग १९५० नंतरच्या दशकात राधानगरीला बाराशे किलोवॅटची चार जनित्रे फिरू लागली. आजच्या मानाने ही वीज म्हणजे वाटीभर. पण मोट सुटून ऑईल इंजिन आले होते आणि इंजिनाच्या ठिकाणी मोटार बसवण्याची स्वप्ने पडू लागली होती, त्या काळात ती थोडी नव्हती. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९६२ साली कोयनेचे पहिले जनित्र चालू झाले. १९६९ साली दिल्लीला ग्रामीण विद्युतीकरण निगम निघाले, खेड्यापाड्यांत वीज नेण्यासाठी कर्ज मिळू लागले, आणि खांब वाडीवस्तीकडे चालू लागले.

खांब चालले, पण तार कशाची? येथे देशापुढे पेच पडला. तांबे आपल्याकडे थोडे. बिहारच्या सिंहभूमकडे निघत होते, राजस्थानात खेत्रीची तयारी चालू होती. पण गरज होती त्याच्या मानाने ते अगदी तुटपुंजे. बाकीचे परदेशातून आणायचे, तर परकीय चलन कोठून आणायचे? त्यात १९६२ आणि १९६५ ची दोन युद्धे झाली. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर पावणेपाच रुपयांना पडत होता तो एका दिवसात साडेसात रुपयांना पडू लागला. परदेशी तांबे एका रात्रीत दीडपटीहून महाग! मग वीजवाल्यांनी ॲल्युमिनियमला हात घातला यात नवल नाही. खांबांवरच्या उघड्या तारांत तो आधीपासून होता. मधे पोलादाचा धागा आणि भोवती ॲल्युमिनियमचे पीळ, अशी ही तार. तिच्या जाडीप्रमाणे विलायतेत तिला जनावरांची नावे दिलेली होती आणि ती आपल्या लाइनमनच्या तोंडी आजही आहेत. स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. तुमच्या शेतावरून गेलेली तार खार आहे की ससा, हे त्याला विचारून पाहा. तो चटकन सांगेल. आता मात्र केबलीच्या पोटातले तांबेही गेले आणि तेथे ॲल्युमिनियम आले.

हा धातू परका नव्हता, ही यातली आनंदाची बाजू. राधानगरी, भुदरगड, चंदगड या भागांत डोंगराच्या माथ्यावर जे उघडे सडे आहेत, त्यांच्यावरचा जांभा तुम्ही पाहिला असेल. त्या जांभ्याच्या संगतीतच काही ठिकाणी बॉक्साइट सापडते. ॲल्युमिनियमचे मूळ ते हेच. इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने बेळगावला कारखाना काढला, १९७० च्या आसपास तेथे धातू निघू लागला, आणि कोल्हापूर जिल्ह्यातले बॉक्साइट ट्रक भरभरून तिकडे जाऊ लागले. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडच्या खाणी त्यातल्याच. २००० साली ही कंपनी हिंडाल्कोच्या ताब्यात गेली. धातू वितळवण्याचा विभाग आता तेथे नाही. बॉक्साइटपासून ॲल्युमिना करण्याचे काम राहिले. एक टन धातूला साधारण चार टन बॉक्साइट लागते आणि चौदा-पंधरा हजार युनिट वीज लागते. म्हणजे वीज वाहून नेणारी तार करायला आधी विजेचाच एवढा घास द्यायचा! सड्यावरची माती गेली, तिच्याबरोबर सड्यावरचे गवत आणि झरेही काही ठिकाणी गेले. हा हिशेब कारखान्याच्या वहीत सहसा नसतो, पण तो डोंगरातल्या माणसांना माहीत आहे.

तर धातू घरचा मिळाला. वजनाने हलका, भावाने स्वस्त. वीज वाहून नेण्याची त्याची ताकद तांब्याच्या शेकडा एकसष्ट. म्हणजे तेवढेच काम करायला केबल तांब्याच्या दीडपटीहून जाड घ्यावी लागते. पण ती जाड असूनही वजनात तांब्याच्या निम्मीच भरते. सरळ व्यवहार. यात तोटा कोठे होता, ते कागदावर दिसत नव्हते. तो दिसला खांबावर.

रोहित्राच्या टाकीतून बाहेर येणारे खिळे पितळेचे किंवा तांब्याचे. पेटीतल्या पट्ट्या तांब्याच्या. त्यांची भोके, त्यांच्यामधली अंतरे, पेटीची खोली ही सगळी मापे तांब्याच्या बारीक केबलीला धरून ठरलेली. तेथे दीडपट जाड केबल आली, तीही पिळायला ताठ. केबलीच्या टोकाला जे धातूचे टोपण बसवतात त्याला लग म्हणतात. आपल्याकडचे वायरमन त्याला थिंबलही म्हणतात. हे थिंबल लहान पडू लागले. मग वायरमनने काय करावे? भाकरीच्या कडा कातराव्यात तसे केबलीचे चार धागे कापायचे आणि उरलेले थिंबलात कोंबायचे! त्याला दोष देण्यात अर्थ नाही. रात्री आठ वाजता, टॉर्चच्या उजेडात, खाली पन्नास माणसे वर तोंड करून उभी असताना तुम्ही-आम्हीही तेच केले असते. माझे म्हणणे एवढेच आहे की, देशाने धातू बदलला, आणि तो बदलणे भागच होते. पण पेटी बदलली नाही, आणि वायरमनच्या हाताला नवा धातू कोणी नीट शिकवला नाही. खर्च टाळला तो येथे, आणि त्याची भरपाई आजवर शेतकरी करतो आहे.

आता ॲल्युमिनियमचा स्वभाव पाहू. तांब्याशी बांधलेली नाती तो का तोडतो?

पहिली खोड त्याच्या कातडीत आहे. ॲल्युमिनियम घासून चकचकीत केला, की क्षणात हवेतला प्राणवायू त्याच्यावर एक पापुद्रा चढवतो. डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ, पण माणकाच्या जातीचा कठीण, आणि विजेला अडवणारा. हाच पापुद्रा भांड्याचे रक्षण करतो, म्हणून जर्मल गंजत नाही. सांध्यात मात्र तो आडवा येतो. धातू ६६० अंशांवर वितळतो आणि हा पापुद्रा वितळायला दोन हजार अंश लागतात. तांब्याच्या केबलीला जुने कारागीर थिंबल बसवत ते सोल्डर करून: दिव्याच्या ज्योतीने थिंबल तापवायचे, कथील-शिसे ओतायचे, झाले. ॲल्युमिनियमवर तेच कथील पाऱ्यासारखे घरंगळून जाई, कारण मधे पापुद्रा. त्यासाठी निराळे क्षार आले, घासून सोल्डर करण्याची रीत आली, पण खांबावर वाऱ्यात ती कोणाच्या हाताला बसली नाही. शेवटी सोल्डर सोडून दाबाचा मार्ग निघाला. थिंबलाच्या नळीत केबलीचे टोक घालायचे आणि दाबयंत्राने ते इतके आवळायचे की पापुद्रा फुटून धातूला धातू भिडेल. याला क्रिंपिंग म्हणतात. आधी तारेच्या ब्रशाने घासायचे आणि लगोलग वर खास जेलीचा लेप द्यायचा, म्हणजे पापुद्रा पुन्हा धरायला हवाच मिळत नाही. घासणे आणि लेप यांत विडी ओढण्याएवढा वेळही जाता कामा नये.

दुसरी खोड म्हणजे हा धातू दबतो आणि दबतच राहतो. नट कितीही आवळा. दाबाखाली ॲल्युमिनियम हळूहळू सरकतो, पातळ होतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत नट सैल पडतो. त्यात दिवसभराचा ताप. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती तापवून का फुगवतो, ते शिक्षक मुलांना सांगतातच. एका अंशाच्या उष्णतेने लोखंड दहा लाखांत बारा भाग वाढते, तांबे सतरा आणि ॲल्युमिनियम तेवीस. दुपारी सगळ्या मोटारी चालू असताना ॲल्युमिनियम फुगतो, पोलादी बोल्ट त्याला बाहेर जाऊ देत नाही, मग तो चेपतो. रात्री थंड होतो तेव्हा चेपलेला तो पुन्हा भरून येत नाही. असे रोज. म्हणून साध्या वायसराबरोबर स्प्रिंगचा वायसर पाहिजे, जो ढिलाई पडली तरी मागून रेटत राहील. आणि म्हणूनच ‘आणखी थोडा आवळ’ हा सल्ला दर वेळी उपकारक नसतो. फार आवळलेला सांधा लवकर ढिला होतो, ही गोष्ट मलाही पहिल्यांदा पटली नव्हती.

तिसरी खोड आज्यांना माहीत होती ती. दोन निराळे धातू आणि मधे ओल, म्हणजे लहानशी बॅटरीच. तांबे-पितळ आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये पावसाचे पाणी साचले की ॲल्युमिनियम झिजू लागतो. त्याची पांढरी भुकटी होते. भुदरगडचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा? जूनपासून सप्टेंबरपर्यंत सांधा ओलाच. त्यातून तांब्यावरून ओघळलेले पाणी ॲल्युमिनियमवर पडले तर फारच वाईट, कारण ते तांब्याचे क्षार घेऊन येते. जाणते वायरमन जमेल तेथे ॲल्युमिनियम वरच्या अंगाला आणि तांबे खाली ठेवतात, त्याचे कारण हे.

मग यावर उपाय? उपाय आपल्या घरात होता. तांब्या-पितळेच्या भांड्यांत आंबट शिजवायचे तर आपण काय करत होतो? कल्हई. कल्हईवाला येई, भाता लावी, नवसागराचा धूर होई आणि भांड्याच्या पोटात कथलाचा पांढरा थर बसे. थिंबलाचेही तसेच. त्याच्यावर कथलाचा थर चढवला म्हणजे तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांच्या अंगाला थेट लागत नाहीत. पुढे याहून चांगली युक्ती निघाली: अर्धे थिंबल ॲल्युमिनियमचे, अर्धे तांब्याचे, आणि दोन्ही कारखान्यातच जोरात फिरवून, घर्षणाने एकजीव केलेली. केबल ॲल्युमिनियमच्या नळीत जाते, बोल्ट तांब्याच्या पानातून जातो. भांडण होते ती सीमा कारखान्यातच बंद करून टाकलेली. तेथे पाणी नाही, हवा नाही. याला द्विधातू थिंबल म्हणा. साध्या थिंबलाहून ते महाग पडते, पण एका मोटारीचे वाइंडिंग जळाले की त्याला जे पैसे पडतात त्यांच्यापुढे ती किंमत किरकोळ आहे.

हे दुखणे आपल्या गरिबीमुळे आले, असे कोणी समजू नये. तांबे महाग झाले तेव्हा अमेरिकेने १९६५ पासून १९७३ च्या सुमारापर्यंत लाखो घरांत ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या. पुढे तेथल्या सरकारी सुरक्षा आयोगाने सांगितले की, १९७२ पूर्वीच्या अशा तारा असलेल्या घरांत एखादा तरी सांधा आगीच्या धोक्यापर्यंत तापण्याचा संभव तांब्याच्या घरांपेक्षा पंचावन्न पट आहे. तार बरी होती, सांधा वाईट होता. तेथेही तेच.

माझ्या आठवणीतला एक उन्हाळा सांगतो. गारगोटीपासून फार लांब नाही अशा एका वाडीत डीपी गेली. अकराव्या दिवशी माणसे आली. लोकांनी वर्गणी काढून ठेवली होती, ती का काढावी लागली हे विचारायचे नाही, अशी त्या वेळची रीत होती. आलेला वायरमन वयस्क होता. त्याने वरचा खटका पाडला, तारा जमिनीला जोडल्या, वर चढला आणि थोड्या वेळाने खाली येऊन माझ्या हातावर एक काळे थिंबल ठेवले. अर्धे वितळलेले. आत पांढरी भुकटी. “मास्तर,” तो म्हणाला, “टाकीला काही झालं न्हाई बघा. हितनं जळत जळत खाली आलंय.” मग त्याने पानाच्या पिचकारीसाठी तोंड वळवले आणि हळू आवाजात सांगितले, “गेल्या दिवाळीला मीच बसवलंतं. जेली नव्हती. म्हटलं, जाईल चालून.” सहा महिने चालले, आणि मग वाडीचा ऊस वाळला.

त्या रात्री मी घरी हिशेब केला. सांध्यात एक हजारांश ओहम एवढा अडथळा असेल आणि त्यातून एकशे तेहतीस अँपिअर जात असतील, तर साडेसतरा वॅटच्या वर उष्णता त्या अंगठ्याएवढ्या जागेत होते. अडथळा दसपट झाला, म्हणजे एक शतांश ओहम, तर एकशे पंचाहत्तर वॅटच्या वर! रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंगच्या दांडीला पंचवीस-तीस वॅट पुरतात आणि तेवढ्यात तिच्या टोकावर शिसे पाण्यासारखे होते. तापला की सांधा आणखी बिघडतो, बिघडला की आणखी तापतो. मग केबलीचे वेष्टन करपते, उष्णता पितळी खिळ्यातून आत शिरते, बुशिंगखालचे रबर सुकते, तेल झिरपू लागते, त्याच वाटेने पावसाचे पाणी टाकीत जाते. एवढे झाल्यावर आपण म्हणतो, डीपी गेली.

चार टोकांपैकी एकाबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. ते न्यूट्रलचे. तीन फेजांपैकी एखादीचा सांधा सुटला तर तिसरी फेज गेली हे मोटार लगेच सांगते, भुंग्यासारखी घुमून. न्यूट्रलचा सांधा सुटला तर घरातले दिवे कोठे मंद, कोठे एकदम लख्ख होतात. ज्या घरांत लख्ख होतात तेथे दोनशे तीसच्या जागी तीनशेच्या वर व्होल्ट चाललेले असतात, आणि दूरदर्शन संच, फ्रिज, मोबाइलचे चार्जर एकामागून एक जातात. असे दिसले की घरातला मुख्य खटका आधी पाडा आणि मग शेजाऱ्याला हाक मारा.

खांबावर कोणी चढावे याबद्दल मला आडपडदा ठेवायचा नाही. तुम्ही चढू नका. ज्याला अधिकार आहे, ज्याने वरचा खटका पाडून तारा जमिनीला जोडल्या आहेत, त्यानेच चढावे. खालची वीज बंद केली म्हणजे सगळे बंद, हा समज जीव घेतो. वर अकरा हजार व्होल्ट उभेच असतात. आणि कोणाच्या घरचे जनरेटर उलट चालू असेल तर खालूनही वीज वर चढते. पण न चढताही तुम्हाला खालून पुष्कळ बघता येते. वायरमन केबलीचे वेष्टन काढताना आतल्या धाग्यांवर चाकूच्या खाचा पाडतो आहे का? धागे कापतो आहे का? थिंबल हातोड्याने ठोकतो आहे की दाबयंत्राने आवळतो आहे? जेलीचा डबा आणला आहे का? केबलीचे वजन कशावर तरी पेलले आहे, की सगळे बुशिंगला लोंबते आहे? हे प्रश्न वैताग न आणता विचारावेत. चहा पाजून विचारले तर उत्तम. २००५ साली मंडळाचे भाग पडले आणि वाटपाचे काम महावितरणकडे आले. नावे बदलली, पेट्या काही ठिकाणी सुधारल्या, पण खांबावर चढणारा माणूस एकच, आणि त्याच्या पिशवीत काय आहे यावर सगळे ठरते.

गारगोटीत हे बोलण्याला एक अर्थ आहे. जे. पी. नाईकांनी १९५२ साली येथे मौनी विद्यापीठ उभारले ते खेड्यातल्या मुलाला खेड्याच्या कामाचे शिक्षण खेड्यातच मिळावे म्हणून. ग्रामीण अभियांत्रिकी शिकवणारी संस्था याच आवारात वाढली. तेव्हा आपल्या शाळांतून या सांध्याचा एक पाठ घ्यायला काय हरकत आहे? त्याला खर्च जवळजवळ नाही.

जुन्या जर्मलच्या भांड्यातून कापलेल्या दोन पट्ट्या घ्या आणि तांब्याच्या दोन. एक-एक ॲल्युमिनियमची आणि एक-एक तांब्याची अशा दोन जोड्या करा आणि नट-बोल्टने आवळा. पहिली जोडी तशीच. दुसरीचे पृष्ठभाग काचकागदाने घासा, लगेच व्हॅसलीन लावा, मग आवळा आणि कडांनाही व्हॅसलीन फासा. मुलांना आवडेल असे आणखी एक करता येते: तिसरी सुटी जोडी घेऊन पट्ट्यांच्या मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला टीपकागद ठेवा आणि मीटर लावा, काटा अर्ध्या व्होल्टच्या आसपास हलेल, आणि पावसात सांध्यावर बॅटरी कशी तयार होते हे एका वाक्याशिवाय कळेल. मग आवळलेल्या दोन्ही जोड्या शाळेच्या पागोळ्यांखाली टांगा, मधूनमधून त्यांच्यावर मिठाचे पाणी शिंपडायला पाळी लावून द्या. मृगाला टांगा आणि दसऱ्याची सुट्टी लागण्याआधी उघडा. आतून काय निघते ते मुलांनाच वहीत काढू द्या.